मिलिमीटरभर हिरडी

दातांच्या वाट्याला आपल्या भाषेत जेवढे कौतुक आले, त्याच्या शतांशही हिरडीच्या वाट्याला आलेले नाही. दातांना कुंदकळ्या म्हणून झाले, डाळिंबाचे दाणे म्हणून झाले, मोत्यांची माळ म्हणून झाले. वाक्प्रचारांचे तर विचारूच नका. आपण दातओठ खातो, दाताच्या कण्या करतो, दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो, दात कोरून पोट भरत नाही हे परस्परांना बजावतो, आणि एवढे करून हत्तीसारखे दाखवायचे दात निराळे ठेवतो. ओठांना पोवळे मिळाले, पिकले तोंडले मिळाले. गालांना गुलाब मिळाला. पण ओठ आणि दात यांच्या मध्ये जी बिचारी बसली आहे, ती हिरडी उपमेवाचूनच राहिली. गेली वीस वर्षे मुलांना मराठी शिकवताना ही उपेक्षा माझ्या ध्यानातही आली नव्हती. ती ध्यानात आली ती दंतवैद्याच्या दारात.

कवींनी उपेक्षा केली. वैद्यांनी मात्र तसे केले नाही. सुश्रुतसंहितेत तोंडाचे पासष्ट रोग सांगितले आहेत. त्यांत प्रत्यक्ष दातांचे आठ, पण दंतमूळाचे, म्हणजे हिरडीच्या मुलखाचे, पंधरा! दात ही वस्तू आणि हिरडी ही जमीन, हे त्या शस्त्रवैद्याने पुरते ओळखले होते. त्या पंधरांत ‘वैदर्भ’ नावाचा एक रोग आहे. हिरडी घासली जाऊन किंवा तिला मार लागून सूज येते, दात हलू लागतात, त्या दुखण्याला हे नाव. शेजारच्या प्रांताचे नाव असल्या दुखण्याला का चिकटले, ही चर्चा नागपूरकर सहकाऱ्यासमोर काढू नये, एवढे अनुभवाने सांगतो.

मला आज सांगायचे आहे ते मात्र हिरडीच्या रोगाविषयी नव्हे, तिच्या मापाविषयी. हिरडी मोजतात, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक होती काय? धान्य मोजतात, जमीन मोजतात, लग्नात वरपक्ष वधूपक्षाची ऐपत मोजतो. पण पुढच्या दातांभोवती हिरडीची जी कमान असते, तिचे टोक नेमके कोठे येते, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारी माणसे आपल्या नांदेडात आणि लातुरात आहेत. या दोन्ही गावी आता दंतमहाविद्यालये आहेत. आमच्या आजोबांच्या काळी दात दुखला की लवंग, लवंगेने भागले नाही की पक्कड, एवढाच दंतवैद्यकाचा विस्तार होता. दात पांढरा दिसावा ही हौसही सार्वत्रिक नव्हती. दातवणाने दात काळेभोर करणाऱ्या आज्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांच्या दृष्टीने पांढरे दात घेऊन हिंडणे म्हणजे कपाळ मोकळे ठेवून हिंडण्यासारखेच होते. सौंदर्याच्या कल्पना कशा कूस बदलतात पाहा!

हसू हा प्रकार तरी आपल्याकडे चारचौघांत दाखवण्याचा कधी होता? देगलूर तालुक्यातील होट्टलची देवळे पाहा. आपल्याकडच्या जुन्या मूर्ती हसतात त्या ओठ मिटून. दात दिसतात ते भैरवाचे, नरसिंहाचे, चामुंडेचे. दात दाखवणे हा प्रेमाचा नव्हे, क्रोधाचा भाग! जुन्या स्टुडिओतल्या फोटोंतही आपले आजी-आजोबा कोर्टात साक्षीला उभे असल्यासारखे गंभीर. हसू कॅमेऱ्यापुढे आले ते अलीकडे, आणि आता तर मोबाइल हातात असलेले प्रत्येक पोर ‘हसा, हसा’ म्हणून आपल्याला वेठीला धरते. हसलात की दात दिसतात. थोडे अधिक हसलात की दातांच्या वरची हिरडी दिसते. सगळा प्रश्न येथून सुरू होतो.

सगळ्यांचीच हिरडी दिसते असे नाही. १९८४ साली अमेरिकेत जान नावाच्या दंतवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तरुण स्त्रीपुरुषांची हसणी तपासली. शंभरांत अकरांच्या आसपास माणसे अशी भरली की हसताना वरचे दात पूर्ण दिसून वर हिरडीची पट्टीही दिसते. सुमारे एकोणसत्तर जणांचे दात जवळजवळ पुरते दिसतात आणि दोन दातांमधली हिरडीची टोके डोकावतात. उरलेल्या वीसांचे दात वरच्या ओठाखाली बरेचसे झाकलेले. बायकांची हिरडी पुरुषांपेक्षा अधिक दिसते. वय वाढते तसा वरचा ओठ सैल पडून खाली येतो आणि हिरडी आपोआप पडद्याआड जाते. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांनी आरशात पाहून खात्री करून घ्यावी. म्हातारपणाचे जे थोडे फायदे आहेत, त्यांतला हा एक.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. माझी बहीण किनवट तालुक्यातील एका गावी असते. तिची थोरली मुलगी गेल्या वर्षी बी. एस्सी. होऊन माझ्याकडे नांदेडला राहायला आली. मुलगी हुशार, बोलकी. पण बोलताना उजवा हात तोंडावर. लहानपणापासूनची सवय. कारण असे की तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. ते तिच्या आळसाचे नव्हेत, तिच्या गावच्या पाण्याचे. नांदेड जिल्ह्यातील काही भागांत, किनवटच्या बाजूला विशेषतः, जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरे पाणी नसेल तर फार तर दीड, असे आपल्या सरकारी मानकात आहे. त्याहून अधिक असलेले पाणी पोरवयात पोटात गेले की हिरडीच्या आत घडत असलेल्या दातांची लुकण बिघडते. दात उगवतात तेच खडूसारखे किंवा डागाळलेले. हिंदुस्थानात या रोगाची पहिली नोंद १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ पासून याच तपकिरी डागांच्या मागे लागला होता. कारण सापडायला तीस वर्षे लागली.

तर, बहिणीला घाई होती. तुळशीचे लग्न झाले की पाहुणे यायचे होते. आपल्याकडे ‘पाहुणे’ या शब्दाला मुलीच्या आईच्या तोंडी जो अर्थ असतो, त्याच अर्थाने हे पाहुणे. गणपतीच्या सुमारास ती आली आणि आम्ही तिघे एका दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, “पुढचे सहा दात कापून कॅप बसवू. दहा दिवसांत काम. मोत्यासारखे!” बहीण हरखली. पैशांचा आकडा ऐकून मी जरा दचकलो, पण भाचीच्या हातापेक्षा पैसे मोठे नव्हेत असे म्हणून मीही मान हलवली असती. भाचीच म्हणाली, “मामा, कापायचे म्हणजे किती?”

विज्ञानाची विद्यार्थिनी ती. प्रश्न बरोबर विचारला. याचे उत्तर वाचकांनीही ठाऊक करून घ्यावे. दाताची जी लुकण, डॉक्टर जिला इनॅमल म्हणतात, ती शरीरातली सर्वांत कठीण वस्तू खरी. पण ती एकदाच तयार होते. केस कापला तर वाढतो, नख वाढते, मोडलेले हाड सांधते. घासलेली लुकण पुन्हा येत नाही. पुढच्या दाताच्या मानेपाशी ती जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पूर्ण कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी तासून खुंटासारखा करावा लागतो, आणि ती कॅप काही जन्माची सोबतीण नव्हे. पुढेमागे बदलावी लागतेच. तेवीस वर्षांच्या मुलीने सहा दात असे तासून घेणे म्हणजे पुढल्या आयुष्यात तीन-चारदा तरी हा संसार पुन्हा मांडणे.

आम्ही विचार करतो म्हणून उठलो. एका विद्यार्थ्याच्या ओळखीने दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हिरडीच्या शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, वयाने माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी भाचीला आधी हसायला सांगितले, मग मोठ्याने हसायला, मग नुसते ‘ई’ म्हणायला. मग म्हणाल्या, “डागाचे नंतर बघू. आधी मला हिरडी मोजू द्या.”

बहीण माझ्या कानात म्हणाली, “दादा, हे काय करायल्यात? दात दाखवायला आणलं तर हिरडी मोजायल्यात!”

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकले आणि आरसा भाचीच्या हाती दिला. “मधल्या दोन दातांत काय फरक दिसतो?” आम्ही तिघांनी पाहिले. एवढी वर्षे त्या डागांकडे बघून बघून जे कोणाच्या नजरेला आले नव्हते ते आता आले. उजवा दात डाव्यापेक्षा आखूड होता. दात आखूड नव्हता हो, त्याच्यावरची हिरडी खाली होती. दात उगवून पुरता बाहेर आल्यावर हिरडीने हळूहळू वर सरकून आपली जागा घ्यायची असते. एखाद्या दातापाशी ती सरकत नाही. अर्ध्यावर उचललेल्या पडद्यासारखी राहते. लोकांना वाटते दात बुटका आहे.

मोजणीची रीत पाहण्यासारखी होती. रबरी वाटीत गुलाबी पूड पाण्यात कालवली. दिसायला थेट पिठले. ही पूड समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटची. पूर्वी या कामाला अगार वापरीत. ते येई जपानातून. दुसऱ्या महायुद्धात जपानचा माल बंद झाला आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या लोकांनी अल्जिनेटला हाताशी धरले. कोणत्या लढाईचा धागा कोणाच्या दाताला येऊन भिडेल सांगता येत नाही! तर ते पिठले साच्यात भरून वरच्या दातांवर दाबून धरायचे. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होते. बाहेर काढल्यावर त्यात दातांचा आणि हिरडीचा उलटा ठसा. त्यात कठीण प्लास्टर लगेच ओतावे लागते, कारण ठेवून दिले तर ठशातले पाणी उडून तो आकसतो आणि मग शंभरावा भाग सोडाच, दहावा भागही खरा राहत नाही. तासाभराने प्लास्टरचे दात हाती येतात. आता मोठ्या शहरांत तोंडात छोटा कॅमेरा फिरवून हेच चित्र संगणकावर घेतात. पण हातात धरता येणाऱ्या साच्याची मजा त्यात नाही.

मग व्हर्नियर कॅलिपर. शाळेच्या प्रयोगशाळेतला तो पट्टीवर सरकणारा काटा वाचकांना आठवत असेल. पिएर व्हर्नियर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६३१ साली ती युक्ती प्रसिद्ध केली. त्याचा आजचा आकडे दाखवणारा अवतार डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. त्यांनी दाताची रुंदी दोन ठिकाणी घेतली, दोन्हींचे मध्य काढले, ते जोडून पेन्सिलीने उभी रेघ थेट हिरडीपर्यंत नेली. ही दाताची मध्यरेषा. मग हिरडीच्या कमानीचा सर्वांत उंच बिंदू शोधून तेथे टिंब दिले.

“सर, हे टिंब रेघेवर पडायला पाहिजे असं वाटतं ना तुम्हाला?” त्यांनी विचारले.

मला तसेच वाटत होते. औशाच्या किंवा कंधारच्या किल्ल्यातील कमान आपण पाहतो. तिचे टोक मधोमध. हिरडीची कमान तशी नसते. मधल्या दोन पटाशीच्या दातांवर तिचे टोक मध्यरेषेपासून सुमारे एक मिलिमीटर बाहेरच्या, म्हणजे गालाच्या बाजूला सरकलेले असते. त्यांच्या शेजारच्या दातांवर ते सरकणे अर्ध्या मिलिमीटरहून कमी. सुळ्यावर आले की टोक जवळजवळ मधोमध. आणखी एक गंमत आहे. मधला दात आणि सुळा यांच्या हिरडीच्या टोकांना स्पर्श करणारी एक रेघ ओढली, तर मधल्या जागी असलेल्या दाताची हिरडी त्या रेघेला पोहोचत नाही. सुमारे एक मिलिमीटर खालीच थांबते. थोरल्या दोन भावांमध्ये उभ्या असलेल्या धाकट्यासारखी. आपण एखाद्याचे हसू पाहून ‘गोड’ म्हणतो, तेव्हा या चढउताराचाच हिशेब आपला डोळा नकळत करीत असतो. सगळ्या कमानी एका उंचीवर, सगळी टोके मधोमध अशी केली, तर हसू कवळीसारखे दिसते. स्वस्तातल्या कॅपा लगेच ओळखू येतात त्या यामुळे.

हे आकडे अमेरिकेतील चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. त्यांनी मोजली होती वीस माणसे. अवघी वीस! त्यावरून जगभरच्या दंतवैद्यांनी हा मिलिमीटर पाठ केला. मग शहाण्या माणसांना वाटले की त्यांची हिरडी ती आपली हिरडी कशावरून? म्हणून हीच मोजणी ठिकठिकाणी पुन्हा झाली. आपल्या राज्यात नगर जिल्ह्यातील लोणीच्या दंतमहाविद्यालयातून या विषयावरचा लेख २०११ साली प्रसिद्ध झाला. मला या खटाटोपाचे मोल वाटते. परदेशी मापाचा अंगरखा आपल्या अंगावर चढवण्यापूर्वी एकदा आपली छाती मोजून पाहावी, एवढी साधी गोष्ट आपण पुष्कळ क्षेत्रांत विसरतो. समीक्षेतही विसरतो, पण तो विषय येथे नको.

सुंदर हसण्याचे सूत्र शोधण्याच्या नादात काहींनी ग्रीकांचे ते प्रसिद्ध सुवर्णप्रमाणही दातांना लावून पाहिले. लेव्हिन नावाच्या दंतवैद्याने १९७८ साली तसा पुरस्कार केला. समोरून पाहताना मधला दात शेजारच्यापेक्षा १.६१८ पट रुंद दिसावा, इत्यादी. पुढे १९९३ साली प्रेस्टन यांनी खऱ्या माणसांचे साचे मोजले, तर मधल्या आणि शेजारच्या दातांत हे प्रमाण शंभरांत सतरांना लागू पडले. म्हणजे त्र्याऐंशी माणसे सोन्याची नव्हेत, साधी तुमच्याआमच्यासारखी! आणि त्यांत कितीतरी देखणी असतील. सरासरी ही माहिती असते, आज्ञा नसते, हे डॉक्टरीणबाईंनी भाचीला दोनदा सांगितले ते मला फार आवडले.

भाचीचे आकडे असे निघाले. दोन्ही दातांची रुंदी ८.४ मिलिमीटर. डाव्याची उंची १०.२, उजव्याची ८.७. रुंदी उंचीच्या पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के असेल तर दात डोळ्याला बरा दिसतो. डावा ब्याऐंशी टक्के, उजवा सत्त्याण्णव, म्हणजे जवळजवळ चौकोनी. डाव्या हिरडीचे टोक मध्यरेषेपासून ०.९ मिलिमीटर बाहेर. उजव्याचे अगदी रेघेवर. फरक दीड मिलिमीटरचा. दोन तांदूळ जाडीला जाडी लावून ठेवले तर याहून जास्त होतील.

“मग तेवढी हिरडी कापून टाका,” बहीण म्हणाली.

येथे खरी परीक्षा होती, आणि ज्या दवाखान्यात मोजणी होत नाही तेथे माणूस फसतो तो येथेच. हिरडी म्हणजे दातावर नुसती पांघरलेली चादर नव्हे. तिची कड थोडी मोकळी असते. त्या मोकळ्या कडेखाली ती दाताला चिकटलेली असते, आणि त्याच्याही वर हाड सुरू होते. ही चिकटलेली पट्टी किती रुंद? १९६१ साली गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन या तिघांनी मृत माणसांच्या जबड्यांवर ते मोजले. मोकळी खाच सरासरी ०.६९ मिलिमीटर, चिकटलेल्या त्वचेचा भाग ०.९७, तंतूंचा १.०७. शेवटचे दोन मिळून दोन मिलिमीटरच्या जरा वर. ही दोन मिलिमीटरची जागा शरीर सोडायला तयार नसते. हिरडी फार कापली, किंवा कॅपची कड हिरडीत फार खोल दडवली, आणि या जागेवर आक्रमण झाले, की शरीर दावा लावते. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येते. औषधे घ्या, गुळण्या करा, काही उपयोग नाही. हाड मागे हटून आपली दोन मिलिमीटर जागा परत मिळेपर्यंत ते भांडण चालूच राहते. पुढच्या दातांना सुंदर कॅपा आणि त्यांच्यावर कायमची जांभळी-लाल किनार, अशी माणसे तुम्ही लग्नसमारंभांत पाहिली असतील. पैसे देऊन घेतलेले दुखणे ते!

म्हणून हाड कोठे आहे हे पाहणे आले. डॉक्टरीणबाईंनी हिरडी बधिर केली आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई कडेतून आत हाडाला टेकेपर्यंत नेली. ऐकायला भयंकर, पण भाचीला फक्त दाब कळला. डाव्या दातावर कडेपासून हाडापर्यंत तीन मिलिमीटर, हे नेहमीचे. उजव्यावर साडेचार. म्हणजे दीड मिलिमीटर हिरडी जादा होती आणि ती कापूनही शरीराच्या हक्काचे तीन मिलिमीटर शिल्लक राहत होते. हे अंतर मुळातच तीन निघाले असते, तर नुसती हिरडी कापून भागले नसते. हिरडी उलगडून हाडही तासावे लागले असते, किंवा तो विचारच सोडावा लागला असता.

दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकाचेही असेच आहे. दोन दात जेथे एकमेकांना टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर असेल, तर मधली फट हिरडी जवळजवळ नेहमी भरून काढते. सहा झाले तर शंभरांत छप्पन ठिकाणीच. सात झाले तर सत्तावीस ठिकाणी. टार्नो यांनी १९९२ साली हे दाखवले. मध्ये काळा त्रिकोण दिसणार की नाही ते एका मिलिमीटरवर ठरते. आमच्याकडे परीक्षेत एका गुणासाठी मुले रडतात, ती उगीच नव्हे असे तेव्हा वाटले.

हिरडी कापायला वीस मिनिटेसुद्धा लागली नाहीत. अडचण पुढे होती. हिरडी वरवर आठपंधरा दिवसांत भरते, पण तिची कड नेमकी कोठे स्थिरावते हे कळायला पुढच्या दातांच्या बाबतीत तीन ते सहा महिने थांबावे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्याआधी दातावर कायमचे काही बसवले आणि हिरडी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली, की केलेले काम उघडे पडते. बहिणीचा चेहरा पडला. तुळशीचे लग्न दीड महिन्यावर! त्या दिवशी रात्री आमच्या घरी जे संभाषण झाले, ते सर्व येथे देत नाही. बहिणीच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. गावाकडे मुलीचे डागाळलेले दात ही चेष्टेची बाब नसते; दोन स्थळे त्यावरून परत गेली होती, आणि दोन्ही वेळा निरोप आणणाऱ्याने कारण दुसरेच सांगितले होते. शेवटी भाची म्हणाली, “आई, पाहुणे येऊ दे. डाग आहेत ते दिसू दे. पाणी कुठलं प्यायलो ते मी सांगते त्यांना.” बहीण काही बोलली नाही. उठून भांडी घासायला गेली.

डागांना अखेर कॅपा लागल्याच नाहीत. माघात, हिरडी स्थिर झाल्यावर, डॉक्टरीणबाईंनी सौम्य आम्ल आणि दगडाची बारीक पूड यांनी वरचा अगदी पातळ थर घासून काढला, मग दात उजळवण्याचे औषध काही दिवस लावले, आणि जेथे पट्टा खोल होता तेथे दाताच्या रंगाचे मिश्रण चिकटवले. हे चिकटवणे शक्य झाले ते ब्युओनोकोर यांच्यामुळे. दाताला आधी आम्ल लावले तर मिश्रण घट्ट धरते हे त्यांनी १९५५ साली दाखवले. त्याच्या आधी हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच तात्पुरते चिकटवून देत. चित्रीकरण संपले की ते काढून ठेवायचे. हत्तीची म्हण इतकी शब्दशः कोणी खरी केली नसेल. भाचीच्या डाव्या दातावर एक फिकट रेघ अजून आहे. ती काढायला आणखी घासावे लागेल म्हटल्यावर तिनेच नको म्हटले.

जाता जाता दोन गोष्टी घरोघरी सांगण्यासारख्या. हिरडी काळसर असणे हा रोग नव्हे. त्वचेला जो रंग देते तेच द्रव्य हिरडीतही असते आणि आपल्या लोकांच्या हिरड्या सावळ्या असणारच. त्या खरवडून गुलाबी करून देणारे दवाखाने निघाले आहेत. हौसेला मोल नाही, पण रंग पुष्कळदा परत येतो. दुसरे, हिरडी एकाएकी वाढून दातांवर चढू लागली तर ती मोजण्याआधी औषधांची यादी पाहावी. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरच्या काही गोळ्या आणि मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन यांनी हिरडी वाढते. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. आणि मिश्री लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय सांगावे? त्यांची हिरडी खाली नव्हे, वर गेलेली असते, मुळे उघडी पडलेली असतात; तेथे व्हर्नियर कॅलिपरचे काम नाही, मिश्रीचा डबा लपवण्याचे आहे.

पाहुणे आले होते, कार्तिकात. ते स्थळ जमले नाही, आणि या वेळी कारण खरोखरच दुसरे होते. भाची आता नांदेडलाच एम. एस्सी. करते. हात अजून अधूनमधून तोंडाकडे जातो. अर्ध्यावरून खाली येतो.

तिच्या धाकट्या भावाला पाचवे लागले आहे. कायमच्या पुढच्या दातांची लुकण या वयात हिरडीच्या आत घडत असते. ते दात बाहेर दिसतील सातव्या-आठव्या वर्षी. बहिणीने उन्हाळ्यात घरच्या हातपंपाचे पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिले. आकडा अडीचच्या वर आला. तेव्हापासून पोराच्या पिण्याचे पाणी ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून आणते, दोन घागरी, सकाळी.